भरतीनं नव्हे, कुदळीनं

माहेर कुठलं म्हणून विचारलंत तर काय सांगू तुम्हाला, मी जन्मले भवानीपूरला, शिकले भवानीपूरला, लग्न होऊन गेले तीसुद्धा भवानीपुरातच, दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे सासरी जाताना रडायचं म्हणून रडले एवढंच. पण वडील आमचे पेणकडचे. खाडीला लागून आजोबांची खार जमीन होती. खार म्हणजे बघा, भरतीचं पाणी बांध घालून बाहेर ठेवायचं आणि आत भात लावायचं, आणि बांधाला भगदाड पडलं की त्याला म्हणायचं खांड, खांड गेली रे अशी हाक आली की पंगतीतला माणूस ताटावरून उठून धावायचा. हे सगळं वडिलांकडून ऐकलेलं. ते तरुणपणीच कलकत्त्याला आले, किदरपूरच्या गोदीत नकाशे काढायच्या कामाला लागले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर बंगाली. माझी मुलगी लहानपणी म्हणायची, आई मी भात खाबो, आणि सासूबाई कपाळाला हात लावायच्या.

सासूबाई वाईच्या, नऊवारीतल्या, आणि हे रेल्वेच्या ऑफिसात, गार्डन रीचला. आम्ही राहायचो घोषालबाबूंच्या घरात वरच्या मजल्यावर. घोषालबाबू आमचे घरमालक, खाली राहायचे, पांढरं धोतर, हातात छत्री, मला बौमा म्हणायचे, म्हणजे सूनबाई, मी त्यांना काकाबाबू म्हणायची. माणूस प्रेमळ. माझ्या मुलीला गोवर आला तेव्हा ह्या माणसानं स्वतः जाऊन डॉक्टरला हाताला धरून आणलं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल की तो राक्षस होता. राक्षस नव्हता. राक्षस असता तर सोपं झालं असतं.

मी बी.एस्सी. झालेली. सरकारचं एक ऑफिस होतं, शेतजमीन राखायचं, म्हणजे धूप थांबवायची, बांध घालायचे, खारवट जमीन सुधारायची, आणि त्यासाठी सरकार जमीनवाल्याला पैसे द्यायचं, परत न घेण्याच्या बोलीवर. मला तिथं माती तपासायची नोकरी लागली, तात्पुरती. बाटल्या, चाळण्या आणि मी. खेड्यांतून पिशव्यांत भरून माती यायची, तिच्यात मीठ किती ते मी बघायची. मातीचं गाव मात्र कधी बघितलेलं नाही.

मग ते दिवस आले, साठ सालानंतरची दहा वर्षं संपत आली होती तेव्हाचे. कलकत्त्यात आज हरताळ, उद्या बाँब, आणि खेड्यांतून जमिनीवरून मारामाऱ्या. आमच्या ऑफिसातली फिरतीची माणसं एकेक करून आजारी पडायला लागली. कॅनिंगच्या बाजूला, तिथं खाड्याच खाड्या, तिकडच्या बांधांची पाहणी करायची होती. साहेबांनी सगळ्यांना बोलावून विचारलं, कोण जाईल, तर सगळे टेबलाकडे बघायला लागले. मी म्हटलं, मी जाते. साहेब हसले. म्हणाले, तुम्ही बाईमाणूस. मी म्हटलं, बाईमाणूस आहे ते मला ठाऊक आहे, गाडी किती वाजता ते सांगा.

तर गेले. सियालदाहून गाडी, पुढे होडी, पुढे बांधावरून चालत. आणि काय चिखल हो तो, साबणासारखा. सहावारी साडी नेसून गेले आणि पहिल्याच उतारावर जी घसरले ती थेट खाली. तिथल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. घरी आले तर सासूबाईंनी माझा अवतार बघितला, ट्रंकेतून स्वतःचं लुगडं काढलं आणि म्हणाल्या, काष्टा घालून जा, चिखलात उभं राहायचं ते असं. पुढच्या फेरीला मी नऊवारी नेसून गेले. बायका पुन्हा हसल्या, पण मी बांधावरून सरसर उतरले तेव्हा त्यांतली एक पुढे आली, माझ्या भोवती फिरून काष्टा नीट बघितला आणि म्हणाली, दिदीमणि, हे बरं आहे, हे आम्हालाही शिकव. ती सरला. सरला मंडल. माझ्याच वयाची असेल. तिचा नवरा आणि ती दुसऱ्याची जमीन अर्ध्या वाट्यानं कसायची, तिकडे त्यांना बरगादार म्हणतात, आपल्याकडे अर्धेलीनं करतात ना, तसंच.

गावाचं नाव नाही सांगत. तिथला बांध खचलेला, दर उधाणाला खारं पाणी आत यायचं, भात पिवळं पडून मरायचं. सरकारची योजना अशी, की बांध उंच करायला पैसे देऊ, बांधात लाकडी पेटी बसवायला देऊ, वडील जिला उघाडी म्हणायचे तीच, ओहोटीला झडप उघडून आतलं पाणी बाहेर जातं, भरतीला झडप मिटते आणि खारं आत येत नाही, आणि वर पावसाचं पाणी साठवून मीठ धुऊन काढायला तळं खोदायला देऊ. अट एकच, की बांध राखायचा आणि आत पुढची काही वर्षं भातच लावायचं. पैसे जमीनवाल्याच्या नावावर, कारण कागदावर तो. माती वाहणार सरला आणि तिच्यासारखे, त्यांना त्यातूनच मजुरी. आता ह्यात राखणारा कोण आणि घेणारा कोण, हे मला तेव्हाच खटकलं होतं, मी बोललेही होते ऑफिसात, तर म्हणाले, नियम आहे.

आणि जमीनवाला कोण, तर आमचे घोषालबाबू. हसू नका. मला तरी कुठं माहीत, त्यांची जमीन आहे कुठेतरी दक्षिणेला, वर्षाचा तांदूळ येतो, एवढंच माहीत. अर्जावर आमच्याच घराचा पत्ता बघितला तेव्हा मी जाऊन साहेबांना सांगितलं की मी ह्यांची भाडेकरू आहे, दुसऱ्या कोणाला पाठवा. साहेब म्हणाले, दुसरं आहेच कोण. घरी घोषालबाबूंना तर केवढा आनंद, आमच्या बौमानं आमची जमीन वाचवली म्हणून गल्लीभर सांगत फिरले.

बांध झाला. मी डोळ्यांनी बघितला होताना. बायका डोक्यावर मातीची ढेकळं घेऊन रांगेनं चालायच्या, पुरुष पायांनी तुडवायचे, सरलाचा आवाज सगळ्यांवर, हळू ठेव, दाबून ठेव, अशी ओरडायची, जणू माती ऐकतेय. पहिल्या पावसानं थोडं मीठ धुतलं, दुसऱ्या पावसाला भात धरलं. त्या वर्षी नवान्न केलं त्यांनी, म्हणजे नव्या तांदळाचा सण, मला बोलावलं, केळीच्या पानावर नवे तांदूळ, गूळ, खोबरं, दूध कालवून दिलं. सरला म्हणाली, खा, ह्यात तुझ्या बाटल्यांचंही थोडं आहे. मी आयुष्यात फार गोड खाल्लंय हो, कलकत्त्यात राहून कोण नाही खात, पण तसं नाही.

आणि मग खांड गेली.

ऑफिसात निरोप आला की उधाणाच्या भरतीनं बांध फुटला, सगळं शेत पाण्याखाली. साहेब म्हणाले, जाऊन या, लिहून द्या, निसर्गाचा कोप. मी गेले. होडीतूनच दिसलं, जिथं हिरवं होतं तिथं आकाश दिसत होतं, नुसतं पाणी. आणि बांधापाशी गेले तर माझे पाय थांबले. अहो, भरती बांध फोडते ती खालून खात खात, काठ ढासळतात, माती शेतात पसरते. इथं दोन्ही काठ सुरीनं कापावेत तसे उभे, कुदळीचे घाव मातीत उमटलेले, आणि काढलेली ढेकळं बाजूला रचून ठेवलेली. भरती काय ढेकळं रचून जाते? कोणाही शेंबड्या पोराला कळलं असतं. सरला चिखलात बसली होती. म्हणाली, बाजाराचा दिवस होता, आम्ही सगळे पलीकडच्या बाजाराला गेलो होतो, गावात म्हातारीकोतारी तेवढी. बाबूंचा गोमस्ता, म्हणजे त्यांचा कारभारी, माणसं घेऊन आला, भर दुपारी, माझ्या सासूनं विचारलं हे काय करता, तर म्हणाला, बांध दुरुस्त करतोय.

कशासाठी, तर मासे. खारं पाणी आत घेतलं की शेताचं माशांचं तळं होतं, तिकडे भेडी म्हणतात. भाताच्या जमिनीवर सरकारनं मर्यादा घातलेली, जास्तीची काढून घेणार, माशांच्या तळ्याला ती मर्यादा नाही. आणि माशांच्या तळ्याला बरगादार लागत नाही. भरतीनं फुटला असं मी लिहिलं की अट मोडली असं होत नाही, जमीन आपोआप बुडाली, कोणाचा दोष नाही, सरला आणि तिची माणसं आपोआप रस्त्यावर. सगळं माझ्या एका शब्दावर येऊन थांबलेलं.

संध्याकाळी घरी आले, पाय अजून चिखलाचे, तर घोषालबाबू जिन्यापाशी उभेच. म्हणाले, बौमा, फार नुकसान झालं ना. मी म्हटलं, काकाबाबू, कुदळ तुमच्या माणसांनी घातली. त्यांनी छत्रीनं जिन्याची पायरी दाखवली. मग म्हणाले, बस इथं. मी उभीच राहिले. म्हणाले, तू शिकलेली आहेस म्हणून सांगतो, आज ना उद्या ती जमीन माझ्याकडून घेणारच आहेत, माझ्या वडिलांनी जंगल तोडून केलेली जमीन आहे, ती मी का देऊ, मला तीन मुली उजवायच्या आहेत. मी म्हटलं, जंगल तुमच्या वडिलांनी तोडलं की सरलाच्या सासऱ्यानं? त्यावर ते चिडले नाहीत, उलट आवाज खाली आणला, म्हणाले, मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय का, भाडं वाढवलं नाही, तुझ्या मुलीला माझी नात समजलो, एवढंच लिही, भरतीनं फुटला, खोटं कशाला, भरती तर आलीच होती की. काय सांगू तुम्हाला, त्या क्षणी मला त्यांचा रागही आला आणि गोवरातली माझी पोरही आठवली. मी म्हटलं, काकाबाबू, तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते मी जन्मभर सांगेन. आणि तुम्ही त्या बांधाचं जे केलंत तेही सांगेन. दोन्ही खरं आहे.

ऑफिसात साहेबांनी दार लावून समजावलं. म्हणाले, तुम्ही तात्पुरत्या आहात, कायम व्हायची वेळ आलीय, कशाला. मी म्हटलं, साहेब, तुम्ही स्वतः चला, बघा, आणि तुम्हाला भरती दिसली तर तुम्ही लिहा, माझा हात नाही लिहिणार. ते काही आले नाहीत. मी लिहून दिलं, बांध भरतीनं नव्हे, कुदळीनं फुटला आहे, खालची सही माझी.

घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, घर जाईल. मी म्हटलं, जाईल. म्हणाले, नोकरीही जाईल. मी म्हटलं, जाऊ शकते. हे भित्रे नव्हते, पण भांडण ह्यांना सोसत नसे, ताट तसंच ठेवून खिडकीशी उभे राहिले. सासूबाई देवापाशी वाती वळत होत्या, मला वाटलं आता बोलणी बसणार. तर त्या ह्यांना म्हणाल्या, विनायका, ती म्हणाली ते खोटं आहे का? हे म्हणाले, नाही. मग ताटावर बस, म्हणाल्या, आणि उद्यापासून दुसरं घर बघायला लाग. संपलं.

पण लिहून पाणी थोडंच बाहेर जातं. ऑफिस म्हणालं, चौकशी होईल, तोवर दुरुस्तीला पैसे देता येणार नाहीत, अर्ज जमीनवाल्याचा लागतो. आता ज्यानं तोडला तोच अर्ज करणार होय? सरला म्हणाली, दिदीमणि, चौकशी होईपर्यंत मीठ तळाला बसेल. तिचं बरोबर होतं. मग भांग आला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती, तेव्हा पाणी फार चढत नाही, तेवढ्यात खांड बांधली तर बांधली. मी रजा टाकली आणि नऊवारी नेसून गेले. ऑफिसची म्हणून नाही, माझी म्हणून.

बांबू रोवले, पेंढा कोंबला, आणि ओहोटी लागताच सगळा गाव मातीत. मीसुद्धा ढेकळं वाहिली. अर्धी खांड भरत आली आणि गोमस्ता आला, बरोबर लाठ्या घेतलेली माणसं. पुरुष मागे सरले, खोटं कशाला सांगू, त्यांच्यावर खटले होते, मार खाल्लेला होता. बायका थांबल्या नाहीत. सरला तर त्या लाठीवाल्याच्या पायाशीच ढेकूळ टाकायची, तुडवायची आणि वळून दुसरं आणायला जायची, त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. गोमस्ता ओरडला, बंद करा. तेव्हा मी काय केलं, ओल्या बांधावर मांडी घालून बसले, अगदी भगदाडाच्या तोंडाशी, आणि त्याला म्हटलं, बांध सरकारच्या पैशाचा आहे, माती ह्यांच्या हातची आहे, फोडायचा तर आधी मला उचलून बाजूला ठेव, आणि मग भवानीपूरला जाऊन बाबूंना सांग की बौमाला हात लावला. तो मला ओळखत होता, दर महिन्याला घरी यायचा, माझ्या हातचे पोहे खाल्लेले होते त्यानं. नुसता बघत राहिला. बायका माझ्या दोन्ही अंगांनी माती टाकत राहिल्या. पाणी चढायच्या आत खांड मिटली. तो थुंकला आणि माणसं घेऊन गेला. मग सरलानं मला हाताला धरून उठवलं, कारण मला उठताच येईना, आणि आम्ही दोघी हसलो, अशा हसलो की काय सांगू.

पुढे काय, व्हायचं ते झालं. घर सोडायची नोटीस आली. आम्ही डमडमला गेलो, विमानं डोक्यावरून जायची, सासूबाई प्रत्येक विमानाला दचकायच्या. सामान हलवलं त्या दिवशी घोषालबाबू दाराशी उभे होते. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी आशीर्वादाला हात उचलला नाही आणि पाय मागेही घेतले नाहीत. ऑफिसनं मला पुन्हा बाटल्यांवर बसवलं, फिरती बंद, बढती बंद. माझ्या हाताखाली शिकलेली मुलं आज माझे साहेब आहेत. असू देत. तो कागद मात्र कोणाला गिळता आला नाही. वरून एक मोठा अधिकारी आला, त्यानं स्वतः खांड बघितली, आणि त्या गावापुरती का होईना दुरुस्तीची मजुरी थेट कसणाऱ्यांच्या हातात द्यायची असं ठरलं. जे मी आधीपासून ओरडत होते.

सगळं जिंकलो असं नाही हं. दक्षिणेच्या अंगाला बाबूंच्या माणसांनी नंतर पुन्हा फोडलाच बांध, तिथं मी नव्हते, तिथं आज भेडीच आहे, मासे पोहतात आणि तिथली माणसं कलकत्त्यात घरकामं करतात. सरलाच्या बाजूची जमीन वाचली, पण मीठ जायला पावसाळे गेले, तोवर तिचा नवरा वीटभट्टीवर गेला आणि तिथंच छातीचं दुखणं लागून वारला. आता भात येतं. उंच येतं.

आता सरकार बदललंय, बरगादारांची नावं कागदावर घेतायत, म्हणजे जमिनीवरून कोणी उठवायला नको, गावोगाव टेबलं मांडून. मागच्या आठवड्यात सरलानं निरोप पाठवला. टेबलावरचा बाबू म्हणतो, नवरा मेला ना, मग दिराचं नाव लिहितो, बायकांचं कुठं लिहितात. तिनं विचारलं, माती कोणी वाहिली? तो म्हणाला, साक्षीदार आण. तर उद्या सकाळच्या गाडीनं मी जातेय. हे म्हणतात गुडघे दुखतायत तुझे, कशाला. सासूबाई आता नाहीत, पण त्यांचं लुगडं काढून ठेवलंय मी. तिचं नाव त्या कागदावर चढो, तिच्या मुलीला तिथं भात पिकवता येवो, एवढंच माझं मागणं. आणि उद्या नाही लिहिलं त्यानं, तर परवा आम्ही दोघी पुन्हा त्या टेबलापुढे बसू. त्याला तरी दुसरं काम काय आहे, आणि आम्हाला तरी.